उटीच्या म्युऑन दुर्बिणीवर कोण काय करतं

विश्वकिरणांवरचा (अवकाशातून पृथ्वीवर आदळणाऱ्या वेगवान कणांवरचा) शोधनिबंध उघडला की पहिल्या पानावर नावांची ही मोठी रांग असते. बीएस्सीची मुलं ती बघून हमखास विचारतात, एवढ्या सगळ्यांनी मिळून केलं काय? त्यांना सांगायला उटीचा ग्रेप्स-३ हा प्रयोग सोयीचा पडतो. तो कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आहे (ही संस्था २००२ पासून अभिमत विद्यापीठही आहे) आणि त्यात भारतातली, जपानमधली विद्यापीठंही सामील आहेत. सुमारे २२०० मीटर उंचीवर, ८-८ मीटर अंतरावर १ चौरस मीटरचे जवळपास ४०० सिंटिलेटर (कण आरपार गेला की क्षणभर चमकणारे शोधक) पसरलेले आहेत आणि शेजारी ५६० चौरस मीटरची म्युऑन दुर्बीण आहे. म्युऑन म्हणजे विश्वकिरण हवेवर आदळल्यावर तयार होणारे, इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण.

सगळ्यात कमी बोललं जातं ते नळ्या सांभाळणाऱ्यांबद्दल. दुर्बिणीत ३७१२ प्रपोर्शनल काउंटर, म्हणजे कण मोजणाऱ्या वायूभरल्या नळ्या आहेत. प्रत्येक म्हणजे ६ मीटर लांब, १० गुणिले १० सेंटिमीटरची चौकोनी पोलादी नळी, मधोमध १०० मायक्रॉनची टंगस्टनची तार आणि आत पी-१० वायू, म्हणजे ९० टक्के आर्गॉन आणि १० टक्के मिथेन. भरण्याआधी नळी निर्वात करावी लागते, कारण आत उरलेला किंवा नंतर शिरलेला ऑक्सिजन, म्युऑन गेल्यावर वायूत सुटे होणारे इलेक्ट्रॉन गिळतो आणि तारेवरचा विद्युत स्पंद खुजा होतो. तार सैल राहिली तर ती मध्यावरून सरकते, तिथलं विद्युतक्षेत्र बिघडतं आणि ठिणग्या पडू लागतात. पावसाळी हवेत उच्च व्होल्टेजच्या कनेक्टरवर ओल धरली तर नुसताच गोंगाट मोजला जातो.

बिघाड ओळखायची रीत साधी आहे. एका थरात ५८ नळ्या शेजारी-शेजारी असतात आणि सगळ्यांवर तेच आकाश. म्हणजे मोजणी शेजारणीशी जुळलीच पाहिजे. स्पंदाची उंची हळूहळू, आठवड्या-आठवड्याने उतरत असेल तर वायूचा संशय घ्यायचा. मोजणी एका रात्रीत शून्यावर आली किंवा दुपटीवर गेली तर आधी केबल, कनेक्टर आणि व्होल्टेज बघायचं, नळी उघडायची घाई करायची नाही. एक नळी मेली तरी एकूण आकड्यात फरक दिसत नाही, पण थर एकमेकांना काटकोनात रचलेले असल्याने ठराविक दिशांची मोजणी घटते. ही नोंद कुणी ठेवली नाही, तर पुढचा माणूस त्या घटीलाच आकाशातली घडामोड समजून बसेल.

सिंटिलेटरवाल्यांची डोकेदुखी वेगळी, ती वेळेची. एक विश्वकिरण हवेवर आदळला की कणांची सर कोसळते, तिला शॉवर म्हणतात. शॉवरमधल्या कणांचा पातळ पडदा प्रकाशाच्या वेगाने जमिनीवर येतो, आणि कुठला सिंटिलेटर आधी वाजला यावरून दिशा काढतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. शेजारच्या दोन सिंटिलेटरमध्ये १ नॅनोसेकंदाची चूक झाली तर ८ मीटरवर ती सुमारे २ अंशांची होते. चंद्राची तबकडी जेमतेम अर्ध्या अंशाची! साध्या कोअॅक्सियल केबलचा एक मीटर सुमारे ५ नॅनोसेकंद खातो आणि तापमान बदललं की हा आकडाही किंचित हलतो. म्हणून प्रत्येक सिंटिलेटरची वेळेची तफावत पुन्हा पुन्हा काढावी लागते. शेवटची परीक्षा चंद्राची: तो विश्वकिरण अडवतो, तेव्हा आकाशाच्या नकाशावर त्याची सावली त्याच्याच जागी पडली पाहिजे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षात मुलांच्या वाट्याला बहुधा आकड्यांतल्या दुरुस्त्या येतात, म्हणजे मोजणीतून हवेच्या दाबाचा आणि तापमानाचा परिणाम काढून टाकणं. ते कमी दर्जाचं काम वाटतं. माझ्या मते खरं भौतिकशास्त्र तिथेच आहे. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की म्युऑनची मोजणी सुमारे ०.१३ टक्क्याने घटते, आणि शोधायचे बदल कित्येकदा तेवढेच असतात. हा गुणांक काढायचा कसा? म्युऑन आणि दाब यांचा सरसकट आलेख मांडून सरळ रेषा बसवली तर फसगत होते, कारण सूर्यामुळे होणारा २४ तासांचा बदलही त्यात मिसळलेला असतो. उटीसारख्या कमी अक्षांशाच्या जागी दाब मुख्यतः १२ तासांच्या आवर्तनाने वरखाली होतो. फूरिए रूपांतर करून (म्हणजे चढउतार वेगवेगळ्या आवर्तनांत फोडून) तेवढीच वारंवारता वेगळी काढली की गुणांक स्वच्छ मिळतो. मग तापमान. वरची हवा तापून फुगली की म्युऑन अधिक उंचीवर जन्मतात, वाटेत जास्त विघटन पावतात, आणि खाली कमी पोचतात.

सिम्युलेशनवाले कॉर्सिका चालवतात, म्हणजे संगणकावर शॉवर घडवणारी प्रणाली. तिथे मेख मॉडेलच्या निवडीत असते, कारण हॅड्रॉनांच्या (प्रोटॉनसारख्या कणांच्या) टकरीचं मॉडेल बदललं की अवकाशातून आलेल्या मूळ कणांत प्रोटॉन किती आणि लोखंडाची अणुकेंद्रं किती, हे उत्तरही हलतं.

हे सगळं एकत्र कसं लागतं, त्याचा नमुना म्हणजे १ डिसेंबर २०१४ चं वादळ. सुमारे १८ मिनिटं काही दिशांतून येणारे म्युऑन जवळपास २ टक्क्यांनी घटले. धन विद्युतभाराचे म्युऑन ऋणांपेक्षा जास्त असतात. ढगातल्या विद्युतक्षेत्राने धनांची ऊर्जा घटवली, ऋणांची वाढवली, तरी दोन्ही परिणाम एकमेकांना पुसत नाहीत. दुर्बिणीवर २ मीटर काँक्रीट असल्याने १ जीईव्हीपेक्षा (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा) कमी ऊर्जेचे म्युऑन वरच अडतात आणि निव्वळ घट उरते. ती घट सिम्युलेशनशी ताडून ढगात सुमारे १.३ अब्ज व्होल्टचं विभवांतर (व्होल्टेजमधला फरक) निघालं. निबंध २०१९ मध्ये आला. त्याआधी त्या १८ मिनिटांत कुठली नळी बंद नव्हती, दाबाची दुरुस्ती बरोबर बसली होती आणि जमिनीवर विद्युतक्षेत्र मोजणाऱ्या यंत्रांची घड्याळं दुर्बिणीच्या घड्याळाशी जुळत होती, हे एकेक करून तपासावं लागतं, आणि त्यातली प्रत्येक नोंद वेगळ्या माणसाच्या हातची असते.