झिरो बॅलन्स खातं मागितलं आणि काउंटरवर अडकले (माझा अनुभव)

अजून राग गेलेला नाही म्हणून लिहितेय. नोकरी सोडली, पगार यायचा बंद झाला आणि तीन महिन्यांनी माझं सॅलरी अकाउंट साधं सेव्हिंग होऊन बसलं, म्हणजे आता महिन्याला सरासरी १०,००० ठेवा नाहीतर दंड भरा. मला कळलं पासबुक भरून आणलं तेव्हा. दोनदा ३५४ रुपये कापलेले, ३०० दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. मेसेज एकही नाही.

दुसऱ्या बँकेत जायचा विचार केला होता. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच सगळ्या सेव्हिंग खात्यांची मिनिमम बॅलन्सची अट काढली, कॅनरा बँकेने १ जून २०२५ पासून आणि पंजाब नॅशनलने १ जुलै २०२५ पासून हा दंड बंद केला. पण दंड नाही म्हणजे खातं फुकट असं समजू नका, कार्डाची वर्षाची फी आणि एसएमएसचे पैसे वेगळे कापले जातात, ते आधी विचारा. माझी एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारा हप्ता), विम्याचा हप्ता, गॅसची सबसिडी सगळं याच खात्याला जोडलेलं, म्हणून ठरवलं की इथेच बेसिक सेव्हिंग बँक डिपॉझिट अकाउंट, म्हणजे बीएसबीडी करून घ्यायचं. रिझर्व्ह बँकेने १० ऑगस्ट २०१२ च्या परिपत्रकात सगळ्या बँकांना हे खातं द्यायला सांगितलंय. मिनिमम बॅलन्स शून्य, एटीएम कार्डाला वार्षिक फी नाही, पैसे कितीही वेळा भरा, महिन्यात किमान चार वेळा काढता येतात.

आता काउंटर. पहिल्या दिवशी पाऊण तास रांगेत उभी राहिले आणि उत्तर काय तर "मॅडम, अशी स्कीम आपल्याकडे नाही." मी बँकेच्याच वेबसाइटवरचं पान मोबाइलवर दाखवलं तर म्हणे साहेब रजेवर आहेत, सोमवारी या. सोमवारी गेले तर दुसरे गृहस्थ, ते म्हणाले "अहो ते जनधनवाल्यांसाठी असतं, तुमचं पॅन आहे, आयटी रिटर्न आहे, तुम्हाला कशाला?" हे साफ चुकीचं आहे. या खात्याला उत्पन्नाची किंवा वयाची अट नाही, कुणीही मागू शकतं. जनधन योजना २०१४ ची, ती खातीही याच प्रकारची, पण म्हणून हा प्रकार फक्त त्यांचाच होत नाही.

तिसऱ्या वेळेला तर मला घाबरवलंच. "यात ५०,००० च्या वर ठेवता येत नाही, वर्षाला एक लाखाच्या वर जमा झाले की खातं बंद पडेल, तुमची एसआयपी बाउन्स होईल." मी खरंच घरी परत आले, रात्रभर तेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी नीट वाचलं तेव्हा कळलं की ही मर्यादा 'स्मॉल अकाउंट'ची आहे, ज्यांची पूर्ण केवायसी, म्हणजे ओळख आणि पत्त्याची तपासणी, झालेली नसते त्यांची. माझी केवायसी पूर्ण आहे, माझ्यावर ती लागूच नाही. काउंटरवरच्या माणसाला हा फरक माहीत नसावा आणि त्याने तो इतक्या ठामपणे सांगावा, याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. माझ्या जागी एखादी म्हातारी बाई असती तर ती दरमहा दंड भरत राहिली असती.

माझी मावशी एका पतपेढीत होती, ती म्हणाली तोंडी बोलूच नकोस, लेखी दे. मग अर्ज लिहिला: खातं नंबर अमुक, हे बीएसबीडीमध्ये बदलून द्यावं, माझं असं खातं दुसऱ्या कुठल्याही बँकेत नाही, आणि नकार असेल तर कारणासह लेखी द्यावा. दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का आणि तारीख मागितली. शिक्का द्यायलाही "कशाला हवाय" झालंच, पण मी हलले नाही. त्या शेवटच्या ओळीवर मॅनेजरांनी मला आत बोलावलं आणि नवव्या दिवशी खातं बदललं. इतका वेळ जे होत नव्हतं ते एका कागदाने झालं, मला तेव्हा रडू यायचं बाकी होतं.

नाही झालं तर ३० दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, चौकशीला १४४४८ नंबर आहे. मी अर्जाची पोच त्यासाठीच जपून ठेवली होती.

आठवलं, त्याच बँकेत तुमचं दुसरं सेव्हिंग खातं असेल तर ते ३० दिवसांत बंद करावं लागतं, एफडी मात्र चालते. चेकबुक लागत असेल तर आधी विचारून घ्या. आणि यूपीआय त्या चार वेळांमध्ये मोजतात का, हेही विचाराच, मी विचारलं नाही आणि पहिला महिना उगाच जपून काढला.

दंडाचं सांगायचं राहिलं. १ एप्रिल २०१५ पासूनचा नियम असा की बॅलन्स कमी झाला तर बँकेने आधी कळवायचं आणि भरायला महिनाभर द्यायचा. हे लिहून दिल्यावर पहिले ३५४ परत आले. दुसऱ्या वेळच्या ३५४ साठी वेगळा अर्ज केलाय, त्याचीही पोच घेतलीय.