दारात पेट्रोल गाळणारी, घाटात अडणारी मॉरिस

एप्रिलमधली गोष्ट. एक मॉरिस मायनर १०००, जुनी इंग्लिश गाडी, टो करून साताऱ्यात आमच्या गॅरेजला आली. ९४८ सीसीचं इंजिन, एसयू या ब्रिटिश कंपनीचा एकच कार्बोरेटर. तक्रारी दोन आणि एकमेकींच्या उलट. उभी असताना फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या, ओव्हरफ्लोमधून पेट्रोल गळायचं, आणि यवतेश्वरचा घाट चढताना पेट्रोल न मिळाल्यासारखी गचके खाऊन बंद पडायची. मालक काका वैतागले होते. "अहो, एकच पंप तिला बुडवतो पण आणि उपाशी पण ठेवतो, असं कसं होईल?"

आधी बॅटरीची तार काढली. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात, कार्बोरेटर वर आणि मॅनिफोल्ड खाली. वरून टपकणारं पेट्रोल तापलेल्या लोखंडापासून चार बोटांवर असतं. अशी गाडी चालवून बघायची नसते, ढकलून मोकळ्यावर घ्यायची.

वाटी भरली की फ्लोट वर उचलला जाऊन जी सुई पेट्रोलची वाट बंद करते, ती नीडल आधीच दोनदा बदललेली होती, त्यामुळे तिकडे वेळ घालवला नाही. पंपावर नजर गेली. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, मूळचा पंप नव्हता. त्याच्या जागी बाजारात सर्रास मिळणारा चौकोनी इलेक्ट्रॉनिक पंप रबरावर टांगला होता. या गाडीला पॉझिटिव्ह अर्थ असतो, बॅटरीचा प्लस बॉडीला. ज्याने पंप बसवला त्याने लाल तार बॉडीला आणि काळी तार स्विचकडून येणाऱ्या तारेला, अशी बरोबर जोडणी केली होती. वायरिंग समजून केलेलं होतं. चूक पंप निवडण्यात होती.

कार्बोरेटरच्या पाइपला टी लावून गेज जोडला. काटा साडेपाच पीएसआयवर (दाबाचं माप) गेला. मायनरचा मूळ एसयू पंप, एल टाइप, साधारण दीड पीएसआय देतो. नीडल बंद ठेवण्याचं काम फ्लोटच्या तरंगण्याच्या जोरावर होतं आणि तो जोर ठरलेला असतो. नीडलच्या छिद्रावर साडेतीन-चारपट दाब आला की फ्लोट तिला धरू शकत नाही. नीडल कितीही नवी असो, गळणारच.

दुसरं कोडं उलगडायला पुढची चाकं रॅम्पवर चढवली, टाकीत पावच पेट्रोल ठेवलं आणि पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला हातभर पारदर्शक नळी घातली. नळीत बुडबुडे दिसले. चौकोनी पंप ढकलायला चांगला, ओढायला कमजोर. तो टाकीजवळ आणि टाकीपेक्षा खाली बसवायचा असतो. इथे तो इंजिनजवळ होता आणि टाकी गाडीच्या शेपटाला. चढावर टाकी आणखी खाली जाते. ओढताना पाइपातला दाब घटतो आणि एप्रिलच्या उन्हात तापलेलं पेट्रोल तिथेच वाफ धरतं. त्यात टाकीजवळच्या जुन्या रबरी नळीला भेगा होत्या. ओढणाऱ्या बाजूची भेग बाहेर थेंबही टाकत नाही, फक्त हवा आत घेते. म्हणून ती कुणाला दिसली नव्हती.

काकांनी विचारलं, दाब कमी करणारा रेग्युलेटर लावून भागणार नाही का? स्वस्तातले चकतीवाले रेग्युलेटर एक-दीड पीएसआयला नीट स्थिर राहत नाहीत, आणि ओढण्याची अडचण त्याने सुटतच नाही. पंप मागे हलवायचा तर नवं वायरिंग आणि पत्र्याला भोकं. जिथे मूळची ब्रॅकेट शाबूत आहे तिथे हे मला पटलं नाही.

म्हणून एसयू नमुन्याचाच पंप मागवायचं ठरलं. इथेही फसायला जागा आहे. पुढे बसणारा कमी दाबाचा पंप आणि मागे टाकीजवळ बसणारा सुमारे २.७ पीएसआयचा पंप दिसायला सारखेच, जास्त दाबाच्या पंपाचं कॉइलचं घर लांब असतं. दुसरं अर्थिंग. इलेक्ट्रॉनिक किंवा डायोडवाला पंप असेल तर तो पॉझिटिव्ह अर्थचाच हवा, उलटा जोडला की जळतो. आम्ही साधा पॉइंटवाला (वीज जोडणारे-तोडणारे धातूचे संपर्क असलेला), आत डायोड किंवा ट्रान्झिस्टर नसलेला घेतला. तिसरं, आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. डायफ्राम आणि वॉशर इथेनॉल सोसणारे आहेत हे विक्रेत्याकडून लिहून घेतलं. पार्सल यायला अकरा दिवस लागले.

बसवताना बाहेर जाणारं तोंड वर ठेवलं. टाकीजवळची नळी एसएई जे३० आर९ दर्जाची घातली. पाइप जोडणाऱ्या युनियनचे आटे इंग्लिश मापाचे असतात, मेट्रिक नट दाबून चढवला की पितळ कातरलं जातं. आधीच्या माणसाने कागदी फिल्टर ओढणाऱ्या बाजूला लावला होता, तो काढून पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये घेतला, कारण पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला कुठलाच अडथळा नको. पंपात स्वतःची जाळी असतेच. तारेत फ्यूज आणि धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच घातला. अपघातात इंजिन बंद पडलं तरी इलेक्ट्रिक पंप चालूच राहतो.

स्विच दिला. टिकटिक जोरात झाली, मंदावली, थांबली. हा आवाज ऐकायला शिकावा. न थांबता भराभर वाजला तर हवा ओढतोय किंवा टाकी रिकामी. इंजिन बंद असताना थांबून थांबून वाजत राहिला तर नीडल किंवा पंपाचा व्हॉल्व्ह गळतोय. अजिबात वाजला नाही तर आधी वीज पोचते का ते बघायचं, मग पॉइंट. आमच्या घड्याळात अर्ध्या मिनिटात एकही टिक नाही. गेजवर १.४ पीएसआय. पाइप मापाच्या भांड्यात सोडून तीस सेकंद मोजले, २३० मिली. हे ३७ हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात साधारण १४ लिटर तासाला पितं, म्हणजे तीस सेकंदांना ११५-१२० मिली. जवळपास दुप्पट पुरवठा.

दुपारी दोनला, टाकी पावच ठेवून, समर्थ मंदिराकडून घाट चढलो. दुसऱ्या गिअरमध्ये, कुठेही गचका नाही. वर इंजिन बंद करून दहा मिनिटं तापू दिलं. ओव्हरफ्लोची नळी कोरडी होती आणि पहिल्याच स्टार्टला गाडी लागली. परत आल्यावर बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर रंगाने लिहून ठेवलं : पॉझिटिव्ह अर्थ, पंप दीड पीएसआय.