आधी पाण्याची रेघ, मग फिल्टर

माशांच्या टाकीसाठी फिल्टर घ्यायला गेलं की बोलणं सुरू होतं ते मोटरच्या ताकदीपासून. पण आधी ठरवायची असते पाण्याची पातळी. फिल्टर कुठं बसवायचा, किती लिटरचा घ्यायचा, लाईट गेली तर काय होणार, हे सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

घरोघरी दिसणारी दोन फुटी टाकी घ्या: २४ बाय १२ बाय १२ इंच. काठोकाठ ५४ लिटर, पण वरून दोन इंच रिकामी सोडा. मासे उडी मारतात, आणि फायटर, गुरामी यांना वर येऊन हवा घ्यावी लागते. खाली दीड इंच खडी धरली तर पाणी उरतं साधारण ४० लिटर. भरलेल्या पाण्याच्या पातळीला मागच्या काचेवर बाहेरून मार्करनं रेघ मारा आणि तिच्याखाली एक सेंटिमीटरवर दुसरी. या दोन रेघांमध्ये १.८ लिटर पाणी असतं. पातळी किती उतरली ते बघितलं की किती पाणी उडालं ते लगेच कळतं.

पूर्ण भरायच्या आधी दोन-तीन इंच पाणी घालून दोन्ही टोकांना पट्टी लावून बघा. फरक दिसला तर टाकी रिकामी करून टेबल सरळ करा. कोपऱ्याखाली पुठ्ठा सरकवून भागवू नका. ताण एकाच जागी येतो आणि काच किंवा सिलिकॉनचा सांधा तिथंच जातो. सपाट काचेच्या तळाखाली थर्माकोलची अखंड शीट हवीच.

फिल्टरनं तासाला टाकीतलं पाणी चार ते सहा वेळा फिरवावं, म्हणजे इथं १६० ते २४० लिटर. खोक्यावरचा आकडा स्पंज न घालता मोजलेला असतो, त्यामुळं ३०० च्या आसपासचा घ्या. हजार लिटरची मोटर लावली तर गप्पी दिवसभर कोपऱ्यात चिकटून बसतात.

आत बुडवायचा फिल्टर चालू करण्याआधी पाण्याखाली तिरका धरा, अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाऊ दे. नाहीतर आत खरखर सुरू होते. पाणी बाहेर टाकणारं तोंड रेघेच्या एक सेंटिमीटर खाली ठेवा. पृष्ठभाग नुसता थरथरला पाहिजे. तोंड तीन-चार इंच खाली गेलं तर वर तेलकट साय धरते आणि पाण्यात ऑक्सिजन कमी मिसळतो. पाणी आटून तोंड उघडं पडलं तर शिंतोडे उडतात, झाकणावर क्षारांचा पांढरा थर बसतो. खुद्द मोटर कोरडी पडली तर तापून जाते.

मागं टांगायच्या फिल्टरचा डबा पहिल्यांदा तांब्यानं भरून मगच चालू करायचा. पाणी दोन-तीन इंच उतरलेलं असताना लाईट जाऊन आली की बरेचसे फिल्टर पाणी ओढत नाहीत, मोटर कोरडीच फिरत राहते. पावसाळ्यात कोल्हापुरात लाईटचा खेळ चालतोच, म्हणून ही रेघ रोज बघायची. एअर पंप असेल तर तो पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) घाला. लाईट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये शिरणार नाही. आणि पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढा. हे विसरू नका.

उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं. वरून पाणी ओतणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागंच राहतात आणि साचत जातात. म्हणून आठवड्याला १० लिटर काढून तेवढंच घाला. नळाचं पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं स्पंज धुताना. माशांच्या मलातला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात आणि त्यांची वस्ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाखाली खळाळून धुतलं की क्लोरीननं त्यांची मोडतोड होते, पाणी दुधाळ दिसतं, मासे वर येऊन तोंड उघडतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा पिळला तरी पुरे. प्रवाह मंद झाला तर मोटरमधली पाणी ढकलणारी चक्री काढून जुन्या टूथब्रशनं तिच्यावरचा बुळबुळीत थर घासा. बहुतेक वेळा बिघाड तिथंच असतो, मोटर चांगली असते.

पावसाळ्याची तयारी जूनमध्येच करा, २० लिटर पाणी साठवून ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं शहराचा पाणीपुरवठा कोलमडला होता. अशा वेळी गढूळ किंवा टँकरचं पाणी टाकीत घालायची घाई नको. साठवलेल्या २० लिटरमधून फक्त पातळी रेघेला आणा आणि खाणं निम्म्यावर आणा. लाईट बरेच तास गेली असेल तर फिल्टर तसाच चालू करू नका. बंद डब्यातलं पाणी कुजलेलं असतं. ते ओतून द्या, स्पंज टाकीच्याच पाण्यात खंगाळा, मग बटण दाबा.