एनजीसी १३१६: या हिवाळ्यातली प्रगती

यंदा दहा इंची डॉब्सोनियन दुर्बिणीला एकच काम लावलंय. अश्मंत (फॉर्नॅक्स) तारकासमूहातली भिंगाकार दीर्घिका एनजीसी १३१६ नजरेत इतकी बसवायची, की तिथे एक ठिपका, म्हणजे नवा अतिनवतारा (ताऱ्याचा स्फोट), जास्त आला तर लगेच खटकावा. क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे ३७ अंश, त्यामुळे पुण्याच्या अक्षांशावरून ती मध्यमंडलावर, म्हणजे बरोबर दक्षिणेला सर्वांत उंच, आली तरी क्षितिजापासून जेमतेम ३४ अंश वर. डिसेंबरअखेर रात्री साडेनऊच्या सुमाराला ही वेळ येते. दक्षिणेला धुरकं असेल तर सरळ मृग नक्षत्राकडे वळायचं.

वाट पाठ झाली. ‘काय (χ) फॉर्नेसिस’ या ताऱ्यांचं त्रिकूट फाइंडरमध्ये (दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत) धरायचं आणि दक्षिणेकडे, किंचित पश्चिमेला, दीडेक अंश सरकायचं. कमी पॉवरला आधी गाभाच डोळ्यात भरतो. उत्तरेला अगदी खेटून छोटी दीर्घिका एनजीसी १३१७. पॉवर वाढवून तिरक्या नजरेने पाहिलं की गाभ्याभोवतीची अंधुक प्रभावळ ईशान्य-नैर्ऋत्य लांबट होत जाते. धुळीचे पट्टे काही दिसत नाहीत. फोटोत आहेत म्हणून रेखाटनात घुसवायचे नाहीत, हे पथ्य कटाक्षाने पाळतोय.

हीच दीर्घिका का? १९८०एन, १९८१डी, २००६डीडी आणि २००६एमआर: सव्वीस वर्षांत चार अतिनवतारे, चारही टाइप वन-ए, म्हणजे श्वेतबटूचे स्फोट. एकाच दीर्घिकेतले, म्हणून आपल्यापासून सारख्याच अंतरावर (सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षं). या प्रकारच्या स्फोटांच्या तेजावरून दीर्घिकांची अंतरं काढतात; ही पट्टी तपासायला याहून चांगली सोय कुठली? तिघांवरून काढलेलं अंतर छान जुळलं. झपाट्याने मंदावलेल्या २००६एमआरने मात्र वेगळाच आकडा दिला.

त्यातला १९८१डी ऑस्ट्रेलियातल्या रॉबर्ट इव्हान्स या पाद्र्यांनी फोटो न काढता, दुर्बिणीतून डोळ्यांनी बघत पकडला होता. शेकडो दीर्घिकांभोवतालचे तारे त्यांना तोंडपाठ असत. मला एकीचे होईनात! तो स्फोट ऐन भरात साडेबाराव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा अंधुक) आसपास होता; अंधाऱ्या आकाशात आपल्या दहा इंचीच्या आवाक्यातलं काम. अडचण गाभ्याजवळ. तिथल्या उजेडात तसला ठिपका सहज लपेल.

आता प्रभावळीवरचे आपल्याच आकाशगंगेतले तारे तेराव्या प्रतीपर्यंत नकाशावर टिपतोय. पूर्वेची बाजू झाली. पश्चिमेची पुढच्या अमावास्येला. कुणाकडे या भागाचं स्वतः काढलेलं रेखाटन असेल तर ताडून बघायला हवंय, फोटो नको.