तिरकी रेघ

पिंपळगाव बसवंतच्या एका अडत्यासाठी २०१२ साली मी टोमॅटोच्या हिशेबपट्टीचा छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो पायथन या संगणकभाषेच्या २.७ आवृत्तीत होता; पायथन ३ डिसेंबर २००८ मध्येच आलेले असताना मी जुनीच वाट धरली, ही तेव्हाची हयगय आता कबूल करायला हरकत नाही. १ जानेवारी २०२० पासून पायथन २ ची देखभाल बंद झाली, तरी अडत्याचा संगणक निमूट चालत राहिला. यंदा श्रावणात, ऐन हंगामात तो बंद पडला आणि ‘भाऊ, नव्या मशीनवर तुमचा प्रोग्राम उघडतच नाही,’ असा फोन आला.

जुना प्रोग्राम पायथन ३ मध्ये आणायला ‘टू टू थ्री’ नावाचे एक साधन होते. तेही पायथन ३.१३ मधून काढून टाकलेले असल्याने मला मुद्दाम ३.८ बसवावे लागले. घर बदलायला टेम्पोसुद्धा जुनाच शोधावा लागला म्हणा. त्या साधनाने काही क्षणांत प्रत्येक ‘प्रिंट’ या छापायच्या आज्ञेला कंस लावले, ‘एक्सरेंज’ या जुन्या आज्ञेचे ‘रेंज’ केले आणि मी गंगापूर रोडवरच्या खोलीत चहा घेत काम संपल्याच्या भ्रमात बसलो.

मग जुन्या छापील पट्ट्या घेऊन पडताळा सुरू केला. १२५० किलो माल, २० किलोची एक जाळी. जुन्या पट्टीवर ६२ जाळ्या आणि सुटा माल १० किलो, तर नव्या पट्टीवर ६२.५ जाळ्या आणि वर पुन्हा सुटा माल १० किलो. पायथन २ मध्ये दोन पूर्णांकांच्या मध्ये तिरकी रेघ घातली की भागाकारातला अपूर्णांक गळून जात असे. पायथन ३ तो ठेवते, आणि पूर्णांकच हवा असेल तर दोन रेघा घालाव्या लागतात. कुठे एक आणि कुठे दोन, हे ते साधन ठरवत नाही. चूक झाली म्हणून प्रोग्राम थांबला असता तर ओळ क्रमांकासह कळले असते. हा मात्र हसतमुखाने चुकीचा आकडा छापत होता.

मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्दही सलग लिहिलेले असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला संदर्भावरून लिहिणाऱ्याचे मन ओळखावे लागते. माझ्याच प्रोग्रामातल्या एकेका रेघेपुढे मी तसाच बसलो. जाळ्यांसाठी दोन रेघा, हे उघड होते. सरासरी भावाच्या ओळीत मात्र जुना प्रोग्राम इतकी वर्षे पैसे गाळत आला होता, आणि तो केवळ माहितीसाठी छापायचा आकडा असल्यामुळे कोणाच्याही लक्षात आले नव्हते. तिथे एकच रेघ ठेवली. जुनी चूक जपून पुढे नेण्याइतका मी निष्ठावंत नाही.

हमालीच्या पूर्णांकनाने आणखी एक दिवस खाल्ला. १२.५० रुपयांचे जुन्या आवृत्तीत १३ होत, नवीन आवृत्तीत १२ झाले, कारण बरोबर अर्ध्यावरचा आकडा पायथन ३ जवळच्या सम संख्येकडे नेते. या पद्धतीला बँकर्स राउंडिंग म्हणतात, हे अडत्याला सांगितल्यावर तो म्हणाला, “बँकेचं बँकेत. आमच्याकडे आठ आणे म्हणजे पुढचा रुपया.” पायथनच्याच ‘डेसिमल’ या सोयीतली, अर्धा वर नेणारी ‘हाफ-अप’ पद्धत वापरून त्याचे म्हणणे मान्य केले.

गावांच्या नावांचा रकाना शेवटी हाती घेतला. ‘नाशिक’ या शब्दाची लांबी यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेल्या मजकुरावर पायथन २ ने १५ सांगितली होती, कारण ते बाइट, म्हणजे साठवणीची एकके, मोजत होते आणि देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथन ३ काना-वेलांटी सुटी मोजून ती ५ सांगते, आणि डोळ्यांना तर तीनच अक्षरे दिसतात. त्यामुळे बाइट मोजून ठरवलेली ४५ ही मर्यादा आता ४५ वर्णांची झाली आणि लांब नावे शेजारच्या वजनावर चढली. ती मर्यादा १५ केली.

एक रेघ अजून उरली आहे. तोलाईच्या ओळीतली ती रेघ मी तेव्हा काय मनात धरून घातली, हे मला आठवत नाही आणि जुन्या पट्ट्यांवरूनही कळत नाही. तिच्याशेजारी सध्या टीप लिहून ठेवली आहे: ‘अडत्याला विचारून मगच बदलणे.’