मांडीला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे?

शनिवार, रात्री साडेअकरा

‘मानवी हालचाल आणि अर्गोनॉमिक्स’ (काम माणसाच्या शरीराला कसं जुळवावं याचं शास्त्र) या विषयाच्या अभ्यासक्रमाचा मसुदा आज चौथ्यांदा उघडला आणि पाचवा घटक उचलून पहिला केला. काम दोन मिनिटांचं, पण तिथवर यायला मला अडीच महिने लागले.

विषय चार श्रेयांकांचा. दोन लेखी, दोन प्रात्यक्षिकाचे, म्हणजे वर्गात 30 तास आणि बाहेर 60. जुनी आखणी शिरस्त्याप्रमाणे होती. आधी इतिहास: 1857 साली पोलंडच्या यास्त्शेंबोव्स्कींनी ‘एर्गॉन’ म्हणजे काम आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम हे दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव घडवलं, वगैरे. मग हाडं-सांधे, मग तरफा, मग मोजमापाचे तक्ते. आणि परीक्षा तोंडावर आली की एक क्षेत्रभेट. मुलं जायची, फोटो काढायची, अहवाल लिहायची. झालं.

मागच्या सत्रातली कोल्हापूरच्या सुभाषनगरची भेट मात्र डोक्यातून जात नाही. चपलेच्या वेण्या घालणाऱ्या एक मावशी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. चामड्याच्या बारीक वाद्यांचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलेलं. पाठ वाकलेली, मान त्याहून खाली, आणि बोटं न बघता चाललेली. मध्येच वादी कोरडी वाटली की बोट पाण्यात बुडवून तिच्यावरून फिरवायचं आणि पुन्हा सुरू. मुलांच्या हातात ‘रुला’चा तक्ता होता. मॅकाटॅम्नी आणि कॉर्लेट यांनी 1993 साली मांडलेला. दंड, कोपर, मनगट, मान, धड, प्रत्येकाला वाकण्याप्रमाणे गुण द्यायचे आणि शेवटी बेरीज-कोष्टकातून धोका ठरवायचा. पायांना तिथे दोनच पर्याय आहेत: टेकलेले आणि तोल सांभाळलेले असतील तर 1, नाहीतर 2. सगळ्यांनी 1 लिहिला. एका मुलीचं पेन थांबलं. “मॅडम, एक कसा? ह्या सकाळपासून गुडघे दुमडून बसल्यात.”

मावशींनी मान वर न करताच सांगितलं, “गुडघ्याचं काय लिवताय, उठताना भिंतीला धरायला लागतंय बघा.”

तिथून आल्यावर मी ‘रेबा’चा, म्हणजे सगळ्या शरीराची ढब मोजणारा, तक्ता काढून बसले. त्यात गुडघा 60 अंशांपेक्षा जास्त वाकला तर पायाचे दोन गुण वाढतात. हायसं वाटलं. मग त्याच ओळीतली टीप वाचली: बसलेल्या माणसाला हे लागू नाही. तक्त्यांचा यात दोष नाही. रुला तर मुळात मान, खांदे, हात यांच्यासाठीच केलेला आहे, आणि टेबलाशी किंवा यंत्राशी बसणाऱ्याला तो चांगला लागू पडतो. पण आपल्याकडे चपला शिवणं, भाजी विकणं, भाकरी थापणं, सगळं जमिनीवर चालतं. मांडी आणि उकिडवं बसणं हे ज्या अभ्यासक्रमात नाही, तो कोल्हापुरात शिकवून मी कुणाचं भलं करणार आहे?

म्हणून आता पहिले तीन आठवडे फक्त बघायचं. पहिल्याच प्रात्यक्षिकाला प्रत्येकाने 40 मिनिटं मांडी घालून हाताने काहीतरी काम करायचं आणि कुठे रग लागली, कितव्या मिनिटाला लागली, ते शरीराच्या आकृतीवर खुणा करून दाखवायचं. मग कोनमापक. मग तक्ते. तक्त्यात काय सुटतंय हे मी सांगणार नाही, त्यांच्याच खुणा सांगतील.

यांत्रिकीचे सर माझ्याबरोबर हा विषय घेणार आहेत. त्यांचं म्हणणं, “आधी बल-आघूर्ण, म्हणजे लांबून लागणाऱ्या जोराचा वळवणारा परिणाम, कळल्याशिवाय मुलं बघणार तरी काय?” मुद्दा रास्त आहे, म्हणून दोन तास त्यांना आधी दिले. त्यांनी उदाहरण मात्र गुळाच्या रव्याचं, म्हणजे मोठ्या ढेपेचं, घ्यायचं कबूल केलंय. 30 किलोचा रवा कमरेच्या मणक्यापासून 40 सेंटीमीटर पुढे धरला आणि पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे साधारण 5 सेंटीमीटरवर ओढतात असं धरलं, की त्यांना आठपट जोर लावावा लागतो, म्हणजे 240 किलोंचा. त्यात वाकलेल्या धडाचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षा संस्थेच्या वजन उचलण्याच्या 1991 च्या सूत्रात तर सगळं अगदी अनुकूल असलं तरी मर्यादा 23 किलोंची. रवा जमिनीवरून, लांबून, वारंवार उचलायचा असेल तर ती आणखी खाली येते. हे फळ्यावर मांडून मग मुलांना मार्केट यार्डात नेलं की हमाल पाठ कशी वळवतो याकडे ती वेगळ्या नजरेने बघतील.

मुलांना गुऱ्हाळातही न्यायचं आहे, त्यामुळे सत्रही बदलावं लागलं. पहिल्या सत्रात हा विषय ठेवला तर गुऱ्हाळं बंद. दिवाळीनंतर चुलाणं पेटतात. काहिलीतला रस ढवळताना खांद्याचं काय होतं ते जानेवारीतच बघायला मिळेल. विषय दुसऱ्या सत्रात टाकला.

सुभाषनगरच्या त्या मावशींनीच येऊन मुलांना शिकवावं असं माझ्या मनात आहे. त्यातली एक गोष्ट अजून मनाला लागून राहिली आहे. बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांच्या मानधनाचा जो अर्ज असतो, त्यात शैक्षणिक पात्रतेचा रकाना भरल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. मावशींना ‘पाहुण्या’ म्हणून बोलावून शाल-नारळ देऊन पाठवायचं मला मान्य नाही. त्या सहा मंगळवार येऊन शिकवणार असतील, तर तासाला जे मानधन इतरांना तेच त्यांना. सोमवारी कार्यालयात जाऊन बोलायचंच.

रविवार

मावशींना फोन केला. आधी वाटलं होतं, त्या नाही म्हणतील. म्हणाल्या, “शिकवायचं म्हंजे काय करायचं?” मी म्हटलं, तुम्ही रोज करता तेच करायचं, मुलं बघतील, विचारतील. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पोरींनी दोन वाद्या स्वतः घालून बघायला पायजेत. नुसतं बघून वेणी कळत न्हाई.” हे माझ्या मसुद्यात नव्हतं. आता लिहून घेतलंय, दुसऱ्या आठवड्यात.

प्रयोगशाळेत उंच स्टुलं आहेत, चालतील का, असं विचारल्यावर लगेच म्हणाल्या, “स्टुलावर अंगठ्याखाली काय धरू? खाली सतरंजी टाका.”

विभागात सतरंजी नाही. घरातली निळी मोठी आहे, ती धुऊन वाळत घातली.