पाच मिनिटांचे वाचक

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचा वार्षिक वाचक मेळावा पूर्वी दिवाळीची सुट्टी संपता संपता होत असे. २०१५ सालापासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होऊ लागला आणि आमचा मेळावाही त्या तारखेच्या लगतच्या रविवारी आला. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, अध्यक्षांचे प्रास्ताविक, अहवालवाचन आणि शाल-श्रीफळ हे सर्व दरवर्षी यथासांग पार पडते आणि त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. जमाखर्च, सभासदसंख्या आणि नव्याने दाखल झालेले ग्रंथ यांची माहिती अहवालात असतेच. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयाला ती ठेवावीच लागते. कार्यवाह म्हणून अहवाल मीच लिहितो आणि मीच वाचतो, पण माझे लक्ष त्यानंतरच्या दीड-दोन तासांकडे लागलेले असते. त्या वेळात आमचे सभासद एकेक करून उठतात आणि वर्षभरात वाचलेल्या एखाद्या पुस्तकाविषयी पाच मिनिटे बोलतात.

या बोलण्याचे नियम तीनच आहेत. पुस्तक आपल्याच वाचनालयातून नेलेले असावे, पुस्तकातील गोष्ट सांगत बसू नये, आणि पुस्तक आवडले नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे, मात्र का आवडले नाही तेही सांगावे. तिसरा नियम आमच्या आधीच्या ग्रंथपालबाईंनी आग्रहाने घालून घेतला. देवघेवीच्या टेबलामागे बसून त्या रोज ऐकत की अमुक पुस्तक ‘छान आहे’, आणि तेच पुस्तक दुसऱ्या दिवशी न वाचता परत आलेले त्यांना पानांवरून कळत असे. माणसे खोटे बोलतात ती पुस्तकाला घाबरून, लेखकाचे नाव मोठे असेल तर जास्तच, असे त्यांचे मत होते. मध्यंतरी एका पदाधिकाऱ्यांनी केवळ मान्यवर साहित्यकृतींवरच बोलावे अशी सूचना मांडली होती. ती कार्यकारिणीत नामंजूर झाली, आणि झाली याचा मला आजही आनंद आहे.

नामंजूर झाली म्हणूनच एका वर्षी बसस्थानकाच्या मागे खानावळ चालविणाऱ्या मावशी, कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकावर बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात आधी थोडी खसखस पिकली. मावशींनी तिकडे लक्ष न देता सांगितले की १९७० साली आलेल्या या पुस्तकाने वाटी-चमच्याचे माप दिले, त्यामुळे ‘अंदाजाने घाल’ या सासूच्या उत्तरापासून नव्या सुनांची सुटका झाली, आणि हे उपकार लहान नाहीत. नंतर त्यांनी तक्रार मांडली. पुस्तक घरच्या चार माणसांचा विचार करते; त्यांच्याकडे रोज चाळीस ताटे उठतात, आणि तिथे चौघांचे मीठ-तिखट ताटांच्या हिशेबाने सरळ वाढवीत नेले तर पातेलेच्या पातेले फेकून द्यावे लागते. कोणता जिन्नस ताटांच्या हिशेबाने वाढवायचा आणि कोणता हात राखून घालायचा, हे त्यांनी पदार्थवार सांगितले, आणि हसणाऱ्या बायकांपैकी दोघी-तिघी पिशवीतून कागद काढून लिहून घेऊ लागल्या. आमच्या त्या प्रतीची कित्येक पाने हळदीने पिवळी झाली आहेत. दंड आकारावा का, असा प्रश्न एकदा निघाला होता, तेव्हा मावशींनी ग्रंथपालबाईंना ऐकविले होते की डाग पडले आहेत तीच पाने लोक वाचतात. कोरी पाने मोजून त्याचा दंड लेखकाला करा.

वादाचीही आम्हाला हौस आहे. खांडेकरांच्या ‘ययाति’वर बोलताना निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तो गाजलाच कसा, असा थेट सवाल केला. १९५९ साली आलेली ही कादंबरी, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली, आणि तिच्या लेखकाला पुढे १९७४ चे ज्ञानपीठ. सभागृहातील निम्म्या लोकांनी ती विद्यार्थिदशेत भारावून वाचलेली. बाईंचे म्हणणे असे की ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात खरे, पण राजाला आपल्या दुबळेपणावर बोलायला जितकी सुंदर वाक्ये मिळाली आहेत तितकी दासी झालेल्या शर्मिष्ठेला मिळालेली नाहीत, आणि वाचक सुंदर वाक्यांच्या बाजूने झुकतो. त्यावर महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, कमी बोलते म्हणूनच ती लक्षात राहते.’ बाईंनी त्याला ‘खाली बस’ म्हटले नाही, हे त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्या दिवशीचे नवल होते. दोघांचे भांडण चहाच्या टेबलापर्यंत चालले आणि पुढल्या महिन्यात ‘ययाति’च्या आमच्या दोन्ही प्रती कधी फडताळात दिसल्या नाहीत.

लहान मुलांच्या बोलण्यात शिकविलेले किती आणि त्यांचे स्वतःचे किती, हे चटकन ओळखू येते. पाठ केलेले भाषण मला ऐकवत नाही, पण भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर बोलणारी सातवीतली मुलगी आठवली की अजून हसू येते. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला हा मुलगा सायकलवरून चोर पकडत हिंडतो, तर त्याचा गृहपाठ कोण करतो, अशी तिची शंका होती. तिने पुढे असेही सांगितले की तिला सायकल आहे, धाडसही आहे, पण सातच्या आत घरी यावे लागते, त्यामुळे तिच्यावर पुस्तक निघणार नाही. मागच्या रांगेत बसलेले तिचे वडील त्यानंतर बराच वेळ चप्पल शोधत होते.

ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका ताई लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर बोलल्या. बहुतेक वाचक या पुस्तकातील विनोदाविषयी बोलतात. ताई सुरुवातीच्या प्रकरणांपाशीच थांबल्या. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, ते सगळ्या घराला भोगावे लागले. ताई म्हणाल्या, आज असा माणूस आमच्याकडे आला तर आम्ही त्याला आजारी म्हणू आणि गोळ्या देऊ. लक्ष्मीबाईंना ते नाव ठाऊक नव्हते, तरी त्यांनी वडिलांना वाईट माणूस म्हणून रंगविलेले नाही, सासुरवासाइतकेच हेही त्यांनी हसत सांगितले आहे, आणि रुग्णाच्या नातेवाइकांना मी हेच शिकवायचा प्रयत्न करते. माझ्या शेजारी बसलेले डॉक्टर, जे एरवी घड्याळ पाहत असतात, त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ दुसऱ्याच दिवशी आपल्या नावावर नेले.

टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका तर तीन वर्षे एकाच पुस्तकावर बोलले, विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’वर. वरसईचा हा गरीब भिक्षुक चार पैसे मिळवायला उत्तरेकडे गेला आणि सत्तावनच्या बंडात सापडला, ही हकिगत सर्वांना माहीत आहे. काकांनी चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली संपादून छापलेली प्रत आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून काढलेली प्रत शेजारी शेजारी ठेवून वाचली होती. पहिल्या वर्षी ते भाषेतील फरकांवर बोलले, दुसऱ्या वर्षी वाटेवरच्या मुक्कामांवर, आणि तिसऱ्या वर्षी त्यांनी एवढेच सांगितले की पायी हिंडून पत्रे वाटलेल्या माणसाला या पुस्तकातले झाशीचे युद्ध विसरता येईल, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन परत निघालेला भटजी विसरता येणार नाही. एकच पुस्तक पुन्हा का, असे कुरकुरणारे लोक आहेत. त्यांनी एखादे पुस्तक एकदा तरी असे वाचून दाखवावे, मग बोलावे.

दया पवारांच्या ‘बलुतं’वर एक तरुण बँक कर्मचारी बोलले, तो दिवस सहज गेला नाही. १९७८ साली प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन आमच्याकडे बरेच उशिरा आले, आणि आल्यावरही त्यामागच्या तारखेच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे मोजके शिक्के पडले. दया पवार आणि दगडू मारुती पवार ही एकाच माणसाची दोन नावे एकमेकांशी बोलतात, त्या मांडणीविषयी ते तरुण बोलत होते. त्यांनी सांगितले की हे पुस्तक घरी नेल्यावर पाहुणे आले तेव्हा त्यांनी ते उशीखाली सारले होते, आणि दगडूला जे दया पवारांपासून लपवता येत नाही तेच आपण उशीखाली सारत होतो हे त्यांना नंतर कळले. त्याच वेळी आमचे दोन ज्येष्ठ सभासद ‘चहा झाला का बघतो’ म्हणून उठून गेले. चहाला अजून तासभर अवकाश होता. मी त्यांची नावे लिहीत नाही, परंतु ते हा लेख वाचतील याची मला खात्री आहे.

मला दरवर्षी जे ऐकायचे असते ते हेच: माणसाने आपला धंदा, आपला गाव, आपला अनुभव पुस्तकासमोर ठेवावा आणि पुस्तक कुठे खरे उतरते, कुठे कमी पडते ते सांगावे. त्यात सर्वांत वरचे भाषण कोणते असे विचारले तर मी एसटीतून निवृत्त झालेल्या वाहक मामांचे नाव घेईन. ते मूळचे माण तालुक्यातील एका वाडीचे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ त्यांनी आगारातल्या विश्रांतिगृहात, मुक्कामी गाडीच्या रात्री वाचली होती, आणि खुणेसाठी जागोजाग जुनी तिकिटे घातली होती. मामा म्हणाले, पुस्तकात सगळे खरे आहे. मेंढरे, कारभारी, तालीम, दुष्काळ, काहीही खोटे नाही. पण ही हकिगत मास्तर सांगतो. मास्तराला सरकार पगार देते, वाडी ओसाड पडली की त्याची बदली होते आणि त्याची गोष्ट तिथे संपते. जे मेंढरे हाकीत निघून गेले त्यांची गोष्ट त्या दिवशी सुरू होते, आणि ती मास्तराला दिसणे शक्य नव्हते म्हणून पुस्तकात नाही. मग मामांनी आपल्या आजोबांचे सांगितले: वाडी सोडल्यावर कुठे थांबले, कोणी पाण्याला मज्जाव केला, कोणी उसाच्या फडाच्या कडेला जागा दिली, आणि मुलाच्या शिक्षणासाठी शेवटची मेंढरे कुठल्या बाजारात विकली. ‘यात लेखकाची चूक नाही, त्याने बघितले तेवढे प्रामाणिकपणे लिहिले, उरलेले लिहायचे काम आमचे होते, ते आम्ही केले नाही,’ असे म्हणून, घंटा व्हायच्या आत, गाडी वेळेवर सुटली पाहिजे असे सांगत ते खाली बसले. १९५५ सालच्या त्या कादंबरीवर मी विद्वानांचे बरेच काही वाचले आहे. मामांच्या बोलण्याइतके नेमके त्यात मला काही सापडलेले नाही.

हे ऐकायला किती लोक असतात, ते लिहिताना मात्र वाईट वाटते. प्रमुख पाहुणे दूरचित्रवाणीवर दिसणारे असतील तर खुर्च्या कमी पडतात, आणि पाहुणे निघाले की त्यांच्या गाडीमागून अर्धे सभागृह निघते. गावात इतकी विद्यालये आहेत. भाषा विषय शिकविणाऱ्या शिक्षकांना आम्ही स्वतंत्र निमंत्रणे देतो आणि ती हातोहात पोचवितो. त्यांपैकी नेमाने येणाऱ्या दोघी बाई आहेत, बाकीच्यांना त्याच रविवारी लग्न असते. भिलारला, पुस्तकांच्या गावी, वाचनालयाने सहल नेली तेव्हा याच मंडळींसाठी दुसरी गाडी करावी लागली होती.

साह्य करणाऱ्यांची नावे अहवालात येतात, म्हणून येथे कामावरून स्मरण करतो. सध्याच्या ग्रंथपालबाई आणि त्यांच्या साहाय्यक. मेळाव्याआधी आठ दिवस खळ शिजवून सुटलेल्या पुस्तकांना पुठ्ठे बांधून देणारे बांधणीकार चाचा. मंडपाचे कापड भाड्याने आणि खुर्च्या फुकट देणारे मंडपवाले. ध्वनिवर्धकाचे पैसे कधीही न घेणारे आणि त्याबद्दल बोललेलेही न चालणारे भाऊ. निमंत्रणपत्रिकेतील ऱ्हस्वदीर्घ स्वतःहून सुधारणारे छापखान्याचे मालक. रांगोळी काढणाऱ्या दोघी बहिणी, ज्यांच्यापैकी धाकटी आता पुण्याला असते पण त्या दिवशी येते. घंटेवर बसणाऱ्या विद्यार्थिनी. सतरंज्या झटकणारे आणि नंतर मोजून ठेवणारे आमचे शिपाई मामा. सभागृहाची किल्ली रविवारी आणून देणारे नगरपालिकेचे कर्मचारी. आदल्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी अंगण झाडणाऱ्या मावशी. छायाचित्रे काढणारे आणि स्वतः एकाही छायाचित्रात नसलेले स्टुडिओवाले. खानावळीच्या मावशी, ज्या बोलल्या त्या वर्षीही सगळ्यांचा चहा त्यांच्याकडूनच होता. आणि पाणी भरणारी राष्ट्रीय सेवा योजनेची मुले. वीज गेली त्या वर्षी दुकानातून बॅटऱ्या आणून देणारे शेठजी अहवालात राहून गेले होते अशी त्यांच्या घरून विचारणा झाली, म्हणून त्यांचा येथे मुद्दाम उल्लेख करतो.

पुढील मेळाव्यासाठी नावनोंदणी सुरू झाली आहे. बहिणाबाईंच्या गाण्यांवर दोन नावे आली आहेत, विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ या कादंबरीवर एक, द्राक्षबागेच्या छाटणीवरील पुस्तकावर एक, आणि एका सभासदांनी पंचांगावर बोलू द्यावे असा अर्ज दिला आहे. पंचांग हे वाचनाचे पुस्तक धरावे की संदर्भग्रंथ, आणि संदर्भग्रंथ घरी देत नसल्यामुळे ‘वाचनालयातून नेलेले असावे’ हा पहिला नियम तिथे कसा लावावा, यावर कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. मी परवानगी द्यावी या बाजूचा आहे. अर्जदार काका वर्षातून तीनशे पासष्ट दिवस एकच पुस्तक उघडतात, आणि त्यांचे त्याच्याविषयी मत प्रतिकूल आहे असे ऐकतो.